नायजेल रिचर्ड्स आणि स्पर्धेतलं स्क्रॅबल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्क्रॅबल म्हणजे सुट्या अक्षरांच्या टाइल बोर्डावर जुळवून शब्द करण्याचा खेळ. मी तो बरीच वर्षं खेळतो आणि नव्या खेळाडूंना शिकवतो. पहिल्या आठवड्यातच कोणी ना कोणी विचारतं, "फ्रेंच येत नसताना फ्रेंच अजिंक्यपद जिंकलेला माणूस खरंच आहे का हो?" आहे. त्याच्याबद्दल जे कानावर येतं त्यातलं बरंचसं खरंही आहे. पण त्यावरून लोक म्हणतात, "स्मरणशक्ती अफाट, बाकी काय!", ते मला अजिबात मान्य नाही. का नाही, ते पुढच्या उत्तरांमध्ये आहे.

हा नायजेल रिचर्ड्स कोण?

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चचा, १९६७ साली जन्मलेला स्क्रॅबलपटू. पुढे तो मलेशियात राहायला गेला. जागतिक स्पर्धेत मात्र न्यूझीलंडकडूनच खेळत आला. लांब दाढी, मोठा चष्मा, अबोल स्वभाव आणि सायकलचं वेड. स्क्रॅबल खेळणाऱ्यांना 'आजवरचा सर्वोत्तम कोण' असं विचारलं तर वाद होत नाही. दुसरा कोण, यावर मात्र रात्रभर वाद घालतील.

त्याने नेमकं काय काय जिंकलंय?

इंग्रजी स्क्रॅबलचं जागतिक अजिंक्यपद पाच वेळा. पहिलं २००७ साली, आणि तेही आपल्या मुंबईत. अंतिम लढतीत त्याने मलेशियाच्या गणेश आसिरवाथमला सलग तीन डावांत हरवलं. मग २०११ मध्ये वॉर्सा, २०१३ मध्ये प्राग, २०१८ मध्ये इंग्लंडमधलं टॉर्की, आणि लागोपाठ २०१९ मध्येही. ही जागतिक स्पर्धा १९९१ मध्ये लंडनला सुरू झाली. तेव्हापासून वॉर्सापर्यंत वीस वर्षांत एकालाही ती दुसऱ्यांदा जिंकता आली नव्हती. पहिल्यांदा जमलं ते यालाच.

अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धाही त्याने पाच वेळा जिंकली. २००८ मध्ये एकदा, मग २०१० ते २०१३ सलग चार वर्षं. बँकॉकचा किंग्ज कप तर अनेकदा. फ्रेंचचं जागतिक अजिंक्यपद २०१५ आणि २०१८ मध्ये. स्पॅनिशचं २०२४ मध्ये, ग्रनादा इथे.

तो लहानपणापासून खेळतो का?

नाही, आणि हे सांगितलं की मोठ्या वयात शिकायला आलेल्यांचे चेहरे खुलतात. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत त्याने या खेळाला हात लावला नव्हता. लहानपणापासून ओढ होती ती आकड्यांची. आईबरोबर पत्ते खेळताना पडलेलं प्रत्येक पान त्याच्या लक्षात राहायचं, त्यामुळे तिला खेळण्यात मजाच उरली नाही. शेवटी तिने स्क्रॅबल काढलं. याचं स्पेलिंग कच्चं, शाळेतलं इंग्रजीही यथातथाच, तेव्हा इथे तरी आपलं काही चालेल असा तिचा हिशेब होता. त्या माउलीचा अंदाज किती चुकला ते आता सगळ्या जगाला माहीत आहे.

१९९७ मध्ये तो पहिल्यांदा न्यूझीलंडच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरला. स्पर्धा ड्युनेडिनला होती. क्राइस्टचर्च ते ड्युनेडिन हे अंतर साडेतीनशे किलोमीटरच्या वर जातं. ते त्याने सुमारे चौदा तास सायकल चालवून कापलं, स्पर्धा खेळला, जिंकला आणि सायकलनेच घरी परतला. वाटेत तासन्‌तास तो शब्दच उजळत असणार असं मला नेहमी वाटतं. हा माझा अंदाज आहे. पण लांब सायकलप्रवास आणि लांबलचक याद्यांची उजळणी या दोन्हींना एकाच जातीची चिकाटी लागते, हे मी स्वतः अनुभवलंय.

मी घरी स्क्रॅबल खेळतो. स्पर्धेत वेगळं काय असतं?

बोर्ड तोच, पंधरा बाय पंधराचा. इंग्रजी संचात टाइल त्याच शंभर, त्यातल्या दोन ब्लँक म्हणजे कोऱ्या, हव्या त्या अक्षरासाठी वापरता येणाऱ्या. एका चालीत सातही टाइल लावल्या तर ५० गुणांचा बोनस. खेळाडू याला 'बिंगो' म्हणतात. इथवर सगळं घरच्यासारखं.

फरक असा, की स्पर्धेत दोघंच समोरासमोर बसतात आणि मध्ये बुद्धिबळासारखं घड्याळ असतं. प्रत्येकाला संपूर्ण डावासाठी २५ मिनिटं. वेळ संपल्यावर दर मिनिटाला १० गुण कापले जातात. टाइलची पिशवी डोळ्यांच्या वर धरूनच हात घालायचा. घरी चालतं तसं खेळताना शब्दकोश उघडणं नाही. समोरच्याचा शब्द खोटा वाटला तर 'चॅलेंज' करायचं, मग संगणक फक्त 'चालतो' किंवा 'चालत नाही' एवढंच सांगतो. चॅलेंज चुकलं तर काय, हे स्पर्धेवर ठरतं. अमेरिकेत चुकीचं चॅलेंज केलं की आपली पाळी जाते, जागतिक स्पर्धेत काही गुणांचा दंड बसतो. त्यामुळे अमेरिकेत खोटा शब्द आत्मविश्वासाने लावून दडपून नेणं हाही डावपेचच मानला जातो, आणि नियमांत बसतो.

माझ्या पहिल्या स्पर्धेत मी सात टाइलकडे बघत किती वेळ बसलो याचं भान राहिलं नाही. शब्द सापडला, बोनसही मिळाला. शेवटी दोन मिनिटं जास्त गेली म्हणून २० गुण कापले गेले आणि डाव मी ११ गुणांनी हरलो. तेव्हापासून नव्या मुलांना मी शब्दांच्या आधी घड्याळ शिकवतो.

हे सगळं पाठांतरच ना? ज्याला जास्त शब्द पाठ, तो जिंकणार.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पाठांतर लागतंच. जागतिक स्पर्धेतल्या कॉलिन्स शब्दसूचीत पावणेतीन लाखांहून अधिक शब्द आहेत. जगातल्या पहिल्या पन्नासात यायचं तर त्यातले निदान दोन ते आठ अक्षरांचे बहुतेक शब्द ओळखता यायला हवेत. पण असे शब्द पाठ असलेले खेळाडू जगात बरेच आहेत. ते सगळे पाच वेळा जगज्जेते झालेले नाहीत. तेव्हा पाठांतराने स्पर्धेच्या दारापर्यंत पोचता येतं. आत गेल्यावर काय करायचं, ती विद्या वेगळी.

ती कशी, ते बघा. तुमच्यासमोर दोन चाली आहेत. एक २४ गुणांची, पण ती खेळलात तर रॅकवर, म्हणजे आपल्या टाइल ठेवायच्या पट्टीवर, दोन व्ही आणि एक यू मागे राहतात. दुसरी १८ गुणांची, पण मागे ई, आर, एस उरतात. घरी खेळणारा डोळे मिटून २४ घेतो. स्पर्धेतला खेळाडू बहुधा १८ घेईल, कारण ई-आर-एसमधून पुढच्या पाळीला बिंगो जुळण्याची शक्यता खूप जास्त आहे, आणि दोन व्ही घेऊन बसलेल्याच्या पुढच्या दोन-तीन पाळ्या रखडत जातील. या उरलेल्या अक्षरांना आम्ही 'लीव्ह' म्हणतो. अर्धा खेळ या मागे ठेवण्यातच आहे. आपण काय लावलं ते सगळ्यांना दिसतं, आपण काय राखून ठेवलं ते कुणालाच दिसत नाही.

दुसरी गोष्ट बोर्डाची. आपण पुढे असलो तर बोर्ड बंद करायचा, म्हणजे लांब शब्दांच्या जागा बुजवायच्या. मागे असलो तर जागा उघडायच्या, मग समोरच्यालाही संधी मिळाली तरी चालेल. तिसरी गोष्ट मोजदाद. कोणती अक्षरं येऊन गेली याची नोंद ठेवली, की पिशवी रिकामी झाल्यावर समोरच्याच्या रॅकवर नेमकं काय आहे ते कळतं. तिथून पुढचा डाव नशिबाचा राहत नाही, सरळ गणिताचा होतो. आकड्यांत रमणाऱ्या माणसाला हे सगळं का जमतं ते आता लक्षात आलं असेल.

रिचर्ड्स स्वतः विचारणाऱ्याला सांगतो, की यात गुपित असं काही नाही, शब्द शिकायचे एवढंच. तो प्रामाणिकपणेच सांगत असणार. गणित त्याच्या अंगवळणी इतकं पडलंय की ते वेगळं सांगावं असं त्याला वाटत नसावं.

शब्द पाठ करायचे तरी कसे?

यादी 'ए'पासून वाचत गेलात तर महिनाभरात सोडून द्याल. खेळात शब्द कधीच शब्दासारखा समोर येत नाही, विस्कटलेल्या अक्षरांसारखा येतो. म्हणून अक्षरं वर्णानुक्रमे लावून तो ढीग ओळखायला शिकतात. ए-ई-आय-एन-आर-टी ही सहा अक्षरं घ्या. त्यातून 'रेटिना' होतो. आता सातवं अक्षर घालत चला. सी घातला की 'सर्टन'. डी घातला की 'ट्रेन्ड' (trained). जी घातला की 'ग्रॅनाइट' आणि 'टेअरिंग'. के घातला की 'केराटिन'. एम घातला की 'मिनरेट'. पी घातला की 'पेंटर', 'पर्टेन' आणि 'रीपेंट', एकाच ढिगातून तीन. एस घातला तर किमान नऊ शब्द निघतात. अशा सहा अक्षरांच्या पायांना 'स्टेम' म्हणतात आणि नव्याने सुरुवात करणाऱ्याने इथूनच करावी, कारण ही अक्षरं पिशवीत भरपूर असतात.

रिचर्ड्सची पद्धत याहून वेगळी असावी. त्याला यादीचं पान डोळ्यांसमोर दिसतं असं त्याच्याबरोबर खेळलेले लोक सांगतात. तो पानं वाचतो आणि ती त्याच्या मनात छापली जातात. हे कुणाला शिकवता येणार नाही. पण तो उजळणी करतो, वर्षानुवर्षं करतो, आणि ते आपल्यालाही करता येतं.

त्याची सगळ्यात गाजलेली चाल कोणती?

माझ्या मते 'क्लोरोडाइन'. ती मी नव्या लोकांना बोर्डावर मांडून दाखवतो.

रॅकवर सी, डी, एच, एल, आर, एन आणि एक ब्लँक. बोर्डावर एक मोकळा ई. चांगला खेळाडू ब्लँकचा आय करून त्या ईमधून 'चिल्ड्रन' लावेल, ५० चा बोनस खिशात घालेल आणि खूश होईल. जगातले बहुतेक जण तिथेच थांबतील. थांबण्यात चूक काहीच नाही.

रिचर्ड्सला मात्र बोर्डावर एका ओळीत तीन सुटी अक्षरं दिसली: ओ, ओ आणि ई. एकमेकांना न चिकटलेली, वेगवेगळ्या चालींमधून तिथे येऊन पडलेली. त्याने ब्लँकचा वाय केला. सी-एच-एल लावले, मग बोर्डावरचा ओ, मग आर, पुन्हा बोर्डावरचा ओ, मग डी-वाय-एन आणि शेवटी बोर्डावरचा ई. दहा अक्षरांचा शब्द, सात आपली आणि तीन आधीच तिथे असलेली. क्लोरोडाइन हे एक जुनं औषध आहे.

ही चाल पाठांतराची म्हणावी तर दहा अक्षरी शब्द पाठ असलेले इतरही आहेत. अवघड आहे ते बघणं. अख्खी ओळ एकदम बघायची, तीन तुकड्यांच्या मधली अंतरं मोजायची आणि त्या अंतरांत आपली सात अक्षरं बरोबर क्रमाने बसतात हे ओळखायचं. तेही घड्याळ चालू असताना. मी ती चाल शेकडो वेळा मांडली असेन, तरी तो शेवटचा ई जागेवर बसला की अजून अंगावर काटा येतो.

फ्रेंच येत नसताना फ्रेंच अजिंक्यपद कसं जिंकलं?

२०१५ च्या जुलैमध्ये, बेल्जियममधल्या लूव्हाँ-ला-नव्ह इथे. स्पर्धेच्या आधी सुमारे नऊ आठवडे त्याने फ्रेंच शब्दसूची वाचली. अंतिम फेरीत गॅबनचा शेलिक इलागू रेकावे समोर होता. जिंकल्यावर आभार मानायला दुभाष्या लागला. दोन-चार शिष्टाचाराचे शब्द सोडले तर त्याला फ्रेंचमध्ये बोलता येत नाही.

बातम्यांमध्ये सगळा भर नऊ आठवड्यांवर होता. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरी अडचण. भाषा बदलली की खेळच बदलतो. फ्रेंच संचात १०२ टाइल असतात. इंग्रजीत ई बारा, फ्रेंचमध्ये पंधरा. के, डब्ल्यू, एक्स, वाय आणि झेड हे पाचही फ्रेंचमध्ये दहा-दहा गुणांचे, इंग्रजीत त्यातला फक्त झेड. क्रियापदांची रूपं भरमसाट, त्यामुळे शब्दाच्या शेवटाला काय जोडता येतं याचे आडाखे वेगळे. इंग्रजीत वीस वर्षं मुरलेला अंदाज, कोणतं अक्षर राखायचं आणि कोणतं टाकायचं, हा सगळा नव्याने बसवावा लागतो. पाठांतर नऊ आठवड्यांत झालं हे मी समजू शकतो. पण तो अंदाज नऊ आठवड्यांत कसा बदलला, याचं नवल मला आजही वाटतं.

'एकदा नशिबाने जमलं असेल' असं तेव्हा कुणाला वाटलंही असेल. २०१८ मध्ये त्याने ती स्पर्धा पुन्हा जिंकली.

आणि स्पॅनिश?

नोव्हेंबर २०२४, स्पेनमधलं ग्रनादा. २४ डाव, २३ विजय, एक हार. तयारी साधारण वर्षभराची. स्पॅनिश संचात के आणि डब्ल्यू नाहीत, ञ (Ñ) हा वेगळा टाइल आहे, आणि सी-एच, डबल एल, डबल आर या जोड्यांना एकेक स्वतंत्र टाइल आहे. म्हणजे दोन अक्षरं दिसतात, पण टाइल एकच. ही सवय बदलणं किती त्रासाचं असेल ते खेळणाऱ्यालाच कळेल. क्रियापदांच्या रूपांमुळे यादी इंग्रजीपेक्षा कितीतरी मोठी. स्पॅनिशमध्ये तो गप्पा मारू शकत नाही, फ्रेंचसारखंच.

अर्थ माहीत नसताना शब्द वापरणं, हा भाषेचा अपमान नाही का?

हा प्रश्न बहुधा भाषेचे शिक्षक विचारतात आणि मनापासून विचारतात. मलाही सुरुवातीला असंच वाटायचं.

आता वाटत नाही. घनपाठी वैदिक घ्या. तो संहितेतली पदं उलटसुलट क्रमाने, एकही स्वर न चुकता म्हणतो, आणि प्रत्येक ऋचेचा अर्थ त्याला सांगता येईलच असं नाही. तरी त्याने केलेलं जतन खोटं ठरत नाही. शब्दाला अर्थ असतो तसं शरीरही असतं: अक्षरं किती, कोणती, कोणत्या क्रमाने, त्यांच्या पुढे-मागे काय जुळतं. स्क्रॅबल हा त्या शरीराचा खेळ आहे. थायलंडचे खेळाडू हेच दाखवून देतात. इंग्रजी सफाईने न बोलणारे कितीतरी थाई खेळाडू जगातल्या वरच्या फळीत आहेत. २००३ चा जगज्जेता पानुपोल सुज्जयाकोर्न थायलंडचा. २००९ मध्ये अंतिम फेरीत रिचर्ड्सला हरवलं ते पाकोर्न नेमित्रमानसुकने, तोही थायलंडचाच.

आणि खरं सांगायचं तर शब्दाशी असा नुसता चेहऱ्याने परिचय झाला, की अर्थाची उत्सुकता मागाहून येतेच. माझ्या बाबतीत तरी आली.

इंग्रजीत दोन वेगवेगळ्या शब्दसूच्या आहेत म्हणतात, ते काय?

खेळाचे हक्क अमेरिका-कॅनडात हॅस्ब्रोकडे आणि बाकी जगात मॅटेलकडे आहेत. शब्दसूच्याही तशाच वेगळ्या वाढल्या. उत्तर अमेरिकेची यादी लहान, दोन लाखांच्या आतली. जागतिक कॉलिन्स यादी मोठी. 'सी-एच' हा दोन अक्षरी शब्द कॉलिन्समध्ये चालतो, अमेरिकेत नाही. 'झेड-ओ'चंही तसंच. रिचर्ड्स ऑक्टोबर २०११ मध्ये वॉर्साला एका यादीने जगज्जेता झाला, त्याच वर्षी अमेरिकेची स्पर्धा दुसऱ्या यादीने जिंकला. नवे शब्द शिकण्यापेक्षा 'हा शब्द आज चालत नाही' हे ऐन वेळी आठवणं जास्त अवघड. मी दोन्ही याद्यांनी खेळून पाहिलंय आणि शेवटी एकच धरली.

नशिबाचा भाग किती?

एका डावात बराच. दोन्ही ब्लँक आणि चारही एस समोरच्याकडे गेले तर जगज्जेताही हरतो. रिचर्ड्सने कारकिर्दीत साधारण चारपैकी तीन डाव जिंकलेत, म्हणजे चौथा हरलाय. म्हणूनच स्पर्धा दोन-तीन डावांच्या नसतात, वीस-पंचवीस किंवा त्याहून जास्त डावांच्या असतात. तेवढ्या डावांत नशीब बरंचसं सपाट होतं. अंतिम लढती तरीही अटीतटीच्या होतात. २०११ मध्ये ऑस्ट्रेलियाचा अँड्र्यू फिशर आणि २०१३ मध्ये थायलंडचा कोमोल पान्यासोपोनलर्ट, दोघांविरुद्ध तो तीन-दोन असाच जिंकला.

फ्रेंच जगतात नशीब पूर्ण काढून टाकणारा 'डुप्लिकेट' प्रकारही लोकप्रिय आहे. त्यात सभागृहातल्या सगळ्यांना एकाच वेळी तीच अक्षरं आणि तोच बोर्ड मिळतो. ज्याची चाल जास्त गुणांची, त्याचे गुण जास्त.

लांब शब्द येणं म्हणजेच चांगलं खेळणं का?

नाही. २०१५ मध्ये पर्थला नायजेरियाचा वेलिंग्टन जिगेरे जगज्जेता झाला, आफ्रिकेतला पहिला. नायजेरियाच्या खेळाडूंनी चार-पाच अक्षरांच्या शब्दांवर विशेष मेहनत घेतली होती. छोट्या शब्दांनी बोर्ड आवळून धरायचा आणि चांगली अक्षरं राखायची, असा त्यांचा डाव. दोन अक्षरी शब्द तर खेळाचा सिमेंट. कॉलिन्समध्ये ते सव्वाशेच्या आसपास आहेत आणि त्यांच्याशिवाय समांतर शब्द लावताच येत नाहीत.

यावर पोट भरतं का?

बहुतेकांचं नाही. २०११ च्या जागतिक स्पर्धेचं पहिलं बक्षीस २०,००० डॉलर होतं, २०१३ मध्ये ते १०,००० डॉलरवर आलं. प्रवास आणि राहण्याचा खर्च वजा करा. जगज्जेत्याची ही गत, तर बाकीच्यांचं बोलायलाच नको. जागतिक पातळीवरचे बहुतेक खेळाडू नोकरी-व्यवसाय सांभाळून खेळतात. १९९९ चा विजेता जोएल वॅप्निक संगीताचा प्राध्यापक, २००५ चा अ‍ॅडम लोगन गणितज्ञ. मुलांना या खेळात घालणाऱ्या पालकांना मी हे आधीच स्पष्ट सांगतो.

लबाडी होते का?

होते, क्वचित. २०१२ मध्ये ऑरलँडोला अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत एका किशोरवयीन खेळाडूला ब्लँक टाइल लपवताना पकडून स्पर्धेतून काढलं. पिशवी उंच धरण्याचा नियम आणि स्पर्शाने अक्षर ओळखता येऊ नये म्हणून गुळगुळीत टाइल, दोन्ही यासाठीच. रिचर्ड्सवर असा संशय कधी कुणी घेतल्याचं मी ऐकलेलं नाही.

संगणक त्याला हरवू शकतो का?

एखाद्या डावात नक्कीच. २००६ मध्ये टोरांटोत क्वॅकल नावाच्या प्रोग्रॅमने माजी जगज्जेता डेव्हिड बॉइजला हरवलं. क्वॅकल मोफत मिळतं. तुमच्या प्रत्येक चालीनंतर पुढचे हजारो संभाव्य डाव खेळून बघून ते कोणती चाल जास्त वेळा जिंकते हे सांगतं. आपला हरलेला डाव त्यात घालून बघण्याइतकं शिकवणारं दुसरं काही नाही. सुरुवातीला वाईट वाटतं. ज्या चालीचा अभिमान होता तीच नेमकी चुकलेली निघते.

मराठीत असा खेळ का रुजला नाही?

अडचण लिपीची. रोमनमध्ये अक्षर सुटं असतं, आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी आणि जोडाक्षरं. प्रत्येक अक्षराला बाराखडीसकट टाइल द्यायची म्हटलं तर पिशवीचं पोतं होईल. स्वर आणि व्यंजनं सुटी केली, तर बोर्डावर मांडलेलं वाचताना ते मराठी वाटतच नाही. त्यात विभक्ती: घर, घराला, घरात, घरातला, घरातल्यांना. कुठे थांबायचं? यावर नीट विचार करून कोणी नियम बांधले तर पहिला डाव खेळायला मी तयार आहे.

तो मुलाखती का देत नाही?

त्याला आवडत नाही, एवढंच कारण मला दिसतं. बक्षीस घेतो, फोटो काढू देतो आणि निघून जातो. त्यावरून काही जण त्याला विक्षिप्त म्हणतात, ते मला पटत नाही. समोर बसून खेळलेले लोक त्याच्या सभ्यतेबद्दलच बोलतात.

त्याचा एखादा डाव बघायचा असेल तर कसा बघू?

अलीकडच्या अंतिम लढतींची चित्रणं इंटरनेटवर सापडतात आणि दोघांचे रॅक बाजूला दाखवलेले असतात. कागद घ्या. त्याची पाळी आली की चित्रण थांबवा, तुम्ही काय खेळला असतात ते लिहा, आणि काय मागे ठेवलं असतंत तेही लिहा. मग पुढे जा. पहिल्या डावात फार तर तीन-चार चाली जुळतील. शब्दापेक्षा त्याच्या रॅकवर काय उरलं इकडे लक्ष द्या.

डाव संपल्यावर लगेच बंद करू नका. तो जिंकला की हरला हे चेहऱ्यावरून ओळखायचा प्रयत्न करा. मी अनेकदा केलाय आणि दर वेळी गुणफलकच बघावा लागलाय. तोवर त्याने टाइल गोळा करून पिशवीत भरायला घेतलेल्या असतात.